पेपर झाल्यावर काय करावे

जळगावच्या मे महिन्यात स्टेन्सिल कापायला बसणाऱ्या माणसाने मागच्या जन्मी काय केलं असेल, असा प्रश्न मी त्या उन्हाळ्यात रोज स्वतःला विचारायची. पंखा लावला की कागद उडायचे. बंद केला की घाम टपकायचा, आणि घामाचा थेंब स्टेन्सिलवर पडला की समोर बसलेले नाना माझ्याकडे असे बघायचे, की मी मुद्दामच घाम गाळते आहे असं मलाही वाटू लागायचं. स्वतः नानांना घाम येत नसे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसांना तो बहुतेक येत नसावा.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी मूळची धुळ्याची, जळगावच्या एका शाळेत शिक्षिका होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संस्थेने मला काम दिलं. ही संस्था खेड्यांमध्ये शाळा सुटलेल्या बायकांसाठी दुपारचे वर्ग चालवायची. वर्षभर शिकायचं आणि एकदम चौथीच्या किंवा सातवीच्या परीक्षेला बसायचं. पण कुणी चौथीला बसायचं आणि कुणी सातवीला, हे ठरवायला जूनमध्ये नवं वर्ष सुरू होण्याआधी एक परीक्षा असे. कार्यालयात तिला पातळी चाचणी म्हणत. बायका तिला ‘वर्ग ठरवायची परीक्षा’ म्हणत आणि त्यांचंच नाव जास्त बरोबर होतं. तर या परीक्षेसाठी बायकांना एक उजळणी पुस्तिका करून द्यायची होती. ती मी लिहायची, नानांनी तपासायची, आणि मग सायक्लोस्टाइलवर छापून मीच गावात नेऊन बायकांकडून करून घ्यायची, अशी कामाची वाटणी होती. तीन कामांतली दोन माझ्याकडे का आली, हे मी विचारलं नाही. नाना रोज अमळनेरहून आगगाडीने यायचे, आणि ते येतात हेच पुष्कळ आहे असं कार्यालयात सगळ्यांचं मत होतं.

नानांचं एक तत्त्व होतं. उजळणीत नवीन काही येता कामा नये. नवीन आलं की ती शिकवणी झाली. या तत्त्वापायी त्यांनी माझी निम्मी पुस्तिका खोडली. उरलेल्या निम्म्यात त्यांना त्यांच्या काळची गणितं हवी होती: दोन नळ टाकी भरतात आणि एक नळ ती रिकामी करतो. मी म्हणायची, “नाना, ज्या गावात मी जाते तिथे एका नळाला पाणी येत नाही, तीन कुठून आणू?” नाना म्हणायचे, “गणितात येतं.” माझं डोकं तेव्हा पटकन तापायचं. मी उठून बाहेर जायची, उसाचा रस पिऊन परत यायची आणि नळाचं गणित गुपचूप गाळून टाकायची.

त्याऐवजी मी पापडाचं गणित घातलं. एका बाईने दोन किलो उडदाच्या डाळीचे पापड केले, एका किलोत अमुक पापड होतात, त्यातले तीन चतुर्थांश तिने लेकीच्या सासरी पाठवले, तर घरी किती उरले? मला वाटलं, किती ओळखीचं, किती सोपं. फैजपूरच्या पुढे केळीच्या बागांमध्ये एक गाव आहे. तिथल्या मंदिराच्या ओसरीवर वर्ग भरायचा. तिथे मी हे गणित मोठ्याने वाचलं आणि पेन्सिली खाली आल्या.

“कोन बाई व ही?” एकीने विचारलं.

“कोणी नाही. गणितातली बाई आहे.”

“दोनच किलो? मानसं नाही का घरात?”

“अन् त्यातले बी इतके लेकीकडं धाडले,” दुसरी म्हणाली. “सासूले इचारलं का तिनं?”

मग लेक नुकतीच दिलेली असावी, पहिलंच वर्ष असावं, म्हणून एवढे पापड गेले, असं सर्वानुमते ठरलं. त्या बाईविषयी जरा सहानुभूतीही निर्माण झाली. गणित मात्र तसंच राहिलं. ते शेवटी अक्काने सोडवलं. ती या चर्चेत भाग घेतच होती, पण तिचा हात दरम्यान चालू होता.

अक्काविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा, म्हणून मीही म्हणायला लागले. तिशीतली, उंच, आवाज मळ्याच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल असा. चौथीची परीक्षा न देताच शाळा सुटली, पण पुढे लेकीचा अभ्यास घेता घेता तिची पुस्तकं लेकीपेक्षा अक्कानेच जास्त वाचली होती. गावात अंगणवाडी निघणार होती. तिथे शिकवणाऱ्या बाईला सातवी पास असणं भाग होतं. अक्काला ती जागा हवी होती. हवी म्हणजे किती, तर ती त्याविषयी बोलायची नाही. इतर सगळ्या विषयांवर बोलणारी बाई एका विषयावर गप्प बसते तेव्हा ओळखावं.

अडचण तिच्या सासऱ्यांची होती. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा वाईट माणूस नव्हते, पण भाकरी वेळेवर आणि गरम लागायची. घरात दोघी सुना. धाकटीचा नवरा भुसावळला रेल्वेत होता, त्याला क्वार्टर मिळालं की ती तिकडे जाणार होती. ते मिळायला साधारण वर्ष लागेल असा अंदाज होता. तोवर धाकटीने स्वयंपाक सांभाळायचा आणि अक्काने दुपारी शिकायचं. “एक साल,” आबा म्हणाले होते. “एका सालात जे होईन ते. त्याच्या पुढं मले इचारू नका.” म्हणजे हिशेब सरळ होता. वर्ग ठरवायच्या परीक्षेत अक्काला सातवीत बसवलं तर वर्षात तिचं काम होणार. चौथीत बसवलं तर दोन वर्षं लागणार, आणि दुसरं वर्ष तिच्याकडे नव्हतं. बाकीच्या बायकांना चौथीच हवी होती. सातवीसाठी आमच्या गावातून ती एकटीच होती.

पुस्तिका अर्धी झाल्यावर मी एक सराव परीक्षा घेतली. कागद वाटले, घड्याळ लावलं आणि पाणी प्यायला शेजारच्या घरी गेले. तिथल्या आजींनी चहाला बसवलं. त्या भागात चहाला ‘नको’ म्हणता येतं, पण त्याचा उपयोग होत नाही. परत आले तेव्हा सगळे कागद एकावर एक रचून ठेवलेले होते आणि बायका निवांत गप्पा मारत होत्या. मी कागद पिशवीत घातले आणि एसटीने जळगावला आले. दुसऱ्या दिवशी तपासायला घेतले तर सगळ्यांना सगळं आलेलं. एकजात सगळ्यांना. मी हरखून नानांना दाखवले. नाना इतके खूश झाले की त्यांनी कार्यालयातल्या शिपायाला बोलावून ते कागद दाखवले आणि चांगल्या अक्षरात कापलेल्या स्टेन्सिलचा परिणाम कसा होतो हे त्याला समजावून सांगितलं.

दुपारचा डबा खाऊन झाल्यावर मात्र ते पुन्हा कागद चाळत बसले. “या पाचाला शेपूट आहे,” ते म्हणाले.

“असतं एखाद्याच्या पाचाला.”

“सगळ्या पाचांना आहे. सगळ्या कागदांवरच्या, शेवटच्या गणितांतल्या.”

मी पाहिलं. प्रत्येक कागदावर सुरुवातीची गणितं वेगवेगळ्या हातची होती, आणि शेवटची दोन-तीन एकाच हातची, लांब शेपटाच्या पाचांची. तो हात मला ओळखू आला. माझ्या पिशवीतली सगळी हुशारी एकट्या अक्काची होती.

मी गावात गेले ती तणतणतच. वाटेत एसटीत सगळं भाषण तयार केलं होतं. ओसरीवर पाय ठेवताच मी ते सुरू केलं: ही फसवणूक आहे, याला नक्कल म्हणतात, मोठमोठी माणसं यापायी परीक्षेतून काढली जातात. बायका लक्ष देऊन ऐकत होत्या. कोणी मान खाली घातली नाही. कोणाला लाज वाटल्याचं दिसेना, उलट माझी तब्येत बरी नसावी अशा काळजीने त्या माझ्याकडे बघत होत्या.

अक्का म्हणाली, “बाई, माझं झालं व्हतं. हिचं राह्यलं व्हतं. मंग मी काय करू, तोंड पाहत बसू?”

“हो! तोंड पाहत बसायचं!”

“काबरं?”

का ते सांगायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. तो पापडांचा मोसम होता. आज हिच्या घरचे उद्या तिच्या घरचे असे पापड आणि ज्वारीचे बिबडे करायला गल्लीतल्या सगळ्या बायका जमायच्या. मी सुद्धा वर्गाच्या आधी एकदोनदा बसले होते, पापड लाटण्यापेक्षा तेलात बुडवलेल्या लाट्या खाण्याकडे माझं जास्त लक्ष होतं. तिथे एक रीत होती. ती कोणी सांगत नसे, तरी सगळ्या पाळत. आपल्या वाटचं पीठ संपलं म्हणून कोणी उठत नसे. आपलं झालं की शेजारणीकडे सरकायचं, ‘सरक जरा’ म्हणायचं आणि तिच्या लाट्या लाटायला घ्यायच्या. जी आपलं संपवून हात बांधून बसेल तिला पुढच्या वर्षी कोणी बोलावणार नाही. मी त्या बायकांना जे करायला सांगत होते, ते त्यांच्या हिशेबी अत्यंत उद्धटपणाचं होतं.

हे मी नानांना सांगितलं. नानांनी सराव परीक्षेचे कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, “म्हणजे त्यांना गणित येतं. बसणं येत नाही.” आणि या एका गोष्टीसाठी त्यांनी आपलं तत्त्व बाजूला ठेवलं. पुस्तिकेच्या शेवटी एक नवं पान आलं. त्याचं स्टेन्सिल नानांनी स्वतःच्या हाताने कापलं. वर ठळक मथळा: ‘पेपर झाल्यावर काय करावे’. खाली मजकूर असा, की पेपर झाल्यावर आपलीच उत्तरे पुन्हा तपासावीत, नंतर दोन्ही हात बाकावर ठेवावेत, नजर समोर ठेवावी आणि घंटा होईपर्यंत कोणाशीही न बोलता शांत बसावे. चौकटीला वेलबुट्टी काढलेली होती. पुस्तिकेतलं सगळ्यात सुंदर पान तेच झालं.

मग आम्ही ओसरीवर बसण्याची उजळणी सुरू केली. मला नोकरीत पुढे बऱ्याच अवघड गोष्टी शिकवाव्या लागल्या, पण इतकं अवघड मी काही शिकवलं नाही. हात रिकामे ठेवून बसायचं म्हटल्यावर बायकांचे हात आपोआप काहीतरी शोधायचे. एकीने पदराचे दोरे काढायला घेतले. एक शेजारणीच्या डोक्यातलं काहीतरी काढू लागली. एकीला झोपच लागली, कारण दिवसाउजेडी कामाशिवाय बसण्याचा तिला दुसरा काही अर्थ ठाऊक नव्हता. अक्का ताठ बसायची, पण तिचे डोळे शेजारणीच्या कागदावर जायचे, आणि तिथे चूक दिसली की तिच्या घशातून एक आवाज यायचा. मी ओरडायची, “अक्का, नजर समोर!” समोर मारुती होता. पुढेपुढे बायका म्हणायला लागल्या, की बाईंच्या वर्गात देवाचं दर्शन फार होतं.

तरी मे संपेपर्यंत जमलं. शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम चहाला गेले, दोन कप प्यायले आणि परत येऊन पाहिलं तर सगळ्या हात पुढे ठेवून, समोर बघत, मुकाट बसलेल्या. प्रत्येक कागदावर एकच हात. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, मला माझाच अभिमान वाटला.

परीक्षा जळगावला एका शाळेत होती. ठिकठिकाणच्या वर्गांतल्या बायका आल्या होत्या, पार साक्रीकडून सुद्धा. आमच्या बायका पहाटेच्या एसटीने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून आल्या. परीक्षक धुळ्याचे होते, सफारी घातलेले, कमी बोलणारे. एका बाकावर एका गावच्या दोघी बसवायच्या नाहीत असा त्यांचा नियम होता. मला तो फारच आवडला. आमच्या बायका एकमेकींपासून लांब, म्हणजे भीतीच नको. मी दाराबाहेर व्हरांड्यात उभी राहिले आणि खिडकीतून अक्काला बघत होते. ती भराभरा लिहीत होती. तिचा पेपर सगळ्यांच्या आधी झाला. तिने उत्तरं तपासली. हात बाकावर ठेवले. समोर फळा होता, त्याकडे बघत बसली. मी मनात नानांच्या त्या वेलबुट्टीच्या पानाला नमस्कार केला.

तिच्या बाकावर साक्रीकडची एक बाई होती. बारीक, घाबरलेली. ती शेवटच्या अपूर्णांकांच्या गणितापाशी अडली होती. लिहायची, खोडायची, कपाळ पुसायची. अक्काचा हात हलला. परत जागेवर गेला. मग अक्काने अगदी सहज, काही लपवाछपवी न करता, त्या बाईला कोपराने ढकललं, म्हणाली, “सरक जरा,” तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिच्या कागदावर लिहायला लागली.

तिने ते इतकं उघड केलं की परीक्षक दोन बाकं चालून पुढे गेले. त्यांना वाटलं असावं की ही बाई यासाठीच नेमलेली आहे. मग ते थबकले आणि मागे वळले. मी खिडकीचे गज धरले.

नंतर मी त्यांच्याशी भांडले. आधी शुद्ध बोलीत भांडले, मग विनवण्या केल्या, शेवटी आपण एकाच गावचे म्हणून अहिराणीवर आले. “भाऊ, तुम्ही धुळानाच शेतस ना? तिले बठ्ठं येस, भाऊ!” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुस्तकातल्यासारख्या मराठीत उत्तर दिलं, “तिला सगळं येतं हे मलाही दिसलं, बाई. इतकं की दोन कागदांवर दिसलं. पण दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं की आपला कागद रद्द होतो. रद्द कागदावर मला सातवी देता येत नाही. चौथीत बसवतो, ते माझ्या हातात आहे.” कागद तिथेच, त्याच दिवशी तपासले गेले, आणि त्या साक्रीच्या बाईचं शेवटचं गणित त्यांनी काट मारून वगळलं. तेवढं वगळूनही ती सातवीत बसली. ते कळल्यावर मला जो राग आला, तो कोणावर काढावा हे मला समजेना.

अक्का बाहेर पायरीवर बसली होती. मी म्हणाले, “इतके दिवस आपण काय केलं अक्का? काय ठरलं होतं?”

“आपल्या गावच्या कोनाकडं मी पाह्यलं का? सांगा. पाह्यलं का?” ती म्हणाली. “पन ती तर पाव्हनी व्हती.”

आम्ही ओसरीवर सगळ्या ओळखीच्या बायकांमध्ये उजळणी केली होती. परक्या बाईसमोर हात बांधून बसायची उजळणी करायचं ना मला सुचलं होतं, ना नानांना. अक्काने मग विचारलं, “तिले जमलं का?” मी म्हटलं, हो, तिला सातवी मिळाली. “मंग ठीक हाये,” ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसत दुसरीकडे बघू लागली. ते काही ठीक नव्हतं. परतीच्या एसटीत तिचा आवाज पहिल्यांदाच आला नाही.

दोन दिवसांनी मी आबांशी बोलायला गावात गेले. काय बोलणार होते ते मला ठाऊक नव्हतं. योगायोगाने त्या दिवशी आबांच्याच घरचे पापड होते. मोसमातले शेवटचे. अंगणात मांडवाखाली सगळ्या वर्गातल्या बायका पोळपाट घेऊन बसलेल्या. आबा खाटेवर. मी विषय काढला. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, म्या एक साल सांगितलं व्हतं. दुसऱ्या साली धाकली भुसावयले जाईन. मंग आमच्या भाकरी कोन करीन? तुम्ही येशान?” मला भाकरी येत नसे हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं.

अक्का खाली मान घालून लाटत राहिली. पीठ संपलं, शेवटचा पापड बाजेवर वाळत पडला. आता बायकांनी उठायचं, हात धुवायचे आणि घरी जायचं. कोणी उठेना. सगळ्यांनी पोळपाट बाजूला केले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, नजर समोर ठेवली आणि शांत बसल्या. समोर आबा होते.

आधी आबांना कळलं नाही. “झालं ना व?” ते म्हणाले. उत्तर नाही. “चहा करा व कोनी या बायायले,” म्हणाले. चहा झाला, कपबशा परत गेल्या, बायका तशाच. कोणी पदराचा दोरा काढला नाही, कोणाला झोप लागली नाही. माझ्या वर्गात इतकं सुंदर त्या कधी बसल्या नव्हत्या. आबा कुशीवर वळले. पुन्हा सरळ झाले. टोपी काढली, घातली. गल्लीतून जाणारे लोक थांबून बघायला लागले, की आबांच्या दारात इतक्या बायका मुक्याने का बसल्यात, घरात काही बरंवाईट झालं की काय. शेवटी आबाच ओरडले, “अरे काय पायजे तुमाले, बोला तं खरं!”

तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, “आबा, आमचं झालं. तिचं राह्यलं हाये. दुसऱ्या सालच्या भाकरी आमी करू. पाळीनं.”

मला रडूही येत होतं आणि हसूही, त्यामुळे मी पापड बघण्याचं निमित्त करून मागे वळले.

त्या सालानंतर खरंच धाकटी भुसावळला गेली आणि बायकांनी पाळी लावली. आज हिच्या हातची भाकरी, उद्या तिच्या हातची. सुरुवातीला आबा रोज तक्रार करायचे. हिची जाड, तिची करपलेली, तिसरीच्या भरतात तिखट फार. दिवाळीनंतर तक्रारी थांबल्या. मग ते संध्याकाळी दारात उभे राहून “आज कोनाची पाळी?” असं विचारायला लागले, आणि भरीतवालीची पाळी आठवड्यात एकदाच का, यावर त्यांनी एकदा वादही घातला. अक्काला ते म्हणाले म्हणे, “दहावीपर्यंत बी शिकली तं काय हरकत हाये.” नानांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना घाम आला.

अक्का सातवी पास झाली आणि अंगणवाडीत लागली. हे आत्ताच सांगून टाकते, कारण मला आठवतो तो निकाल नव्हे, परीक्षेचा शेवटचा दिवस.

दोन वर्षांनी, सातवीची ती परीक्षा फैजपूरला होती. मी जळगावहून मुद्दाम गेले होते. घंटा झाली आणि अक्का बाहेर आली. तोंड उतरलेलं.

“काय झालं? पुन्हा?”

“नाही.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “माझा पेपर चांगला गेला. लवकर झाला. पन शेजारची बाई शेवटच्या गणितापाशी रडू राह्यली व्हती, बाई. डोयातलं पानी कागदावर पडू राह्यलं व्हतं. अन् मी बसली. हात बाकावर ठिवले. समोर पाह्यलं. घंटा होईपर्यंत बसली.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “तुमची उजळनी पक्की झाली, बाई.”

दोन वर्षं मी या दिवसासाठी ‘शाबास’ हा शब्द राखून ठेवला होता. तो मला म्हणता येईना. तिने अगदी बरोबर केलं होतं, मी शिकवलं तसं, नानांच्या पानावर होतं तसं. आणि मला फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात ती दुसरी बाई बाहेर आली. डोळे पुसत व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि प्रश्नपत्रिका मांडीवर पसरून तेच शेवटचं गणित पुन्हा बघायला लागली. उद्या निकाल नाही, काही नाही, आता बघून काय उपयोग, पण बघत होती. अक्काने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“घंटा झाली ना, बाई?”

“झाली.”

“कागद गेले ना?”

“गेले.”

“मंग आता चालते?”

मी मान हलवली. अक्का पायरीपाशी गेली, “सरक जरा,” म्हणाली, आणि बसून त्या बाईच्या हातातली पेन्सिल घेतली. गावाकडची एसटी फाटकाबाहेर उभी होती. कंडक्टर आमच्याकडे बघून घंटी वाजवत होता. मी त्याला हातानेच जा म्हटलं, आणि मी पण पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.